गळाला लावायची कोळंबी मिठात का मुरवतात?

चिपळूणच्या मच्छीबाजारात कोळंबी घेणाऱ्या दहांतल्या नऊ जणांच्या डोक्यात कालवण असतं, नाहीतर खिचडी. उरलेला एकजण सालासकट मध्यम आकाराची पाव किलो कोळंबी घेतो, सोलून द्यायला सांगत नाही आणि घरी जाऊन तिला जाड्या मिठात दाबून ठेवतो. हा माणूस गरवणारा. त्याची कोळंबी ताटात नाही, गळाला जाणार असते.

कोळंबी मुरवून आमिष करायची ही रीत कोकणापुरती नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत, सॅल्मन आणि स्टीलहेड पकडण्यासाठी हेच केलं जातं. तिथे यासाठी तयार मसाल्याच्या बरण्या दुकानात मिळतात, आणि कोणाचं मिश्रण भारी यावरून वाद झडतात. कोकणात अशी बरणी मिळत नाही, मीठच चालतं. पण दोन्हीकडचं शास्त्र एकच आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. हॉटेलच्या मेन्यूकार्डावर रावसापुढे 'इंडियन सॅल्मन' असं लिहिलेलं असतं, म्हणून अनेकांना वाटतं की सॅल्मन आपल्याकडेही आहे. तसं नाही. रावस हा वेगळ्याच कुळातला मासा आहे, सॅल्मनशी त्याचं नातं नाही. खरा सॅल्मन थंड पाण्याचा. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत परततो. स्टीलहेड म्हणजे आपल्या हिमाचल-काश्मीरमध्ये आणून सोडलेला रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन आलेला. वाशिष्ठीत यातलं काहीच नाही. इथे गरवणाऱ्याचं लक्ष असतं जिताड्यावर, तांबोशावर आणि शिंगाळ्यावर.

वाशिष्ठी सह्याद्रीतून निघते, चिपळूण शहरातून जाते आणि दाभोळला समुद्राला मिळते. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं अवजल कोळकेवाडीमार्गे याच नदीत येतं, त्यामुळे इतर कोकणी नद्यांसारखी ती उन्हाळ्यात आटत नाही. दुसऱ्या बाजूने भरतीचं पाणी गोवळकोटपर्यंत चढतं. गोडं आणि खारं पाणी मिसळतं त्या पट्ट्यात कोळंबी असते, आणि कोळंबी खाणारे मासेही. म्हणजे या माशांना कोळंबीची ओळख करून द्यावी लागत नाही, ती त्यांची रोजची भाकरी आहे.

मग ताजी कोळंबीच का लावत नाहीत? लावतात की. जिताड्यासाठी तर जिवंत कोळंबीला तोड नाही, कारण तो हलत्या भक्ष्यावर झडप घालणारा मासा आहे. पण जिवंत कोळंबी मिळवायला हवी, हवा मारणाऱ्या डब्यात तगवायला हवी, आणि सुट्टी नेमकी त्याच दिवशी हवी. तिन्ही गोष्टी एकत्र जुळणं कठीण. मेलेली ताजी कोळंबी सहज मिळते, पण तिची अडचण काठावर गेल्यावर कळते. एप्रिलच्या उन्हात ती तासाभरात मऊ पडते. तंगूस फेकताना झटक्याने गळावरून निसटते, नाहीतर उधाणाच्या ओढीत फाटून जाते. त्यातून वाचली तर खेकडे आणि बारकी चिंगळं ती कुरतडून नेतात, आणि गरवणारा अर्धा तास रिकामा गळ धरून बसतो.

कोळंबी इतक्या लवकर का मऊ पडते, हे समजलं की मिठाचं काम आपोआप समजतं. कोळंबीच्या मांसात साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. तिच्या डोक्यात पचनाची ग्रंथी असते. कोळंबी मेली की त्या ग्रंथीतले पाचक रस बाहेर झिरपतात आणि कोळंबीचं मांसच पचवायला लागतात. म्हणून डोकं आधी सुटतं आणि मग मानेजवळचा भाग बुळबुळीत होतो. डोक्याजवळ काळे डाग पडतात, तो कुजल्याचा डाग असेलच असं नाही. कापलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं, त्याच जातीची ती क्रिया आहे. जिवाणूंची कुज यानंतर सुरू होते.

मीठ यातल्या जवळजवळ सगळ्यावर काम करतं. ते मांसातलं पाणी बाहेर ओढतं, आणि पाण्याशिवाय जिवाणूंना वाढता येत नाही. मांसातली प्रथिनं आवळून घट्ट होतात, कोळंबी रबरासारखी चिवट बनते आणि पाचक रसांचा वेग मंदावतो. कोकणातल्या कुठल्याही आजीला हे वेगळं सांगावं लागणार नाही. सोडे, जवळा, खारवलेला बांगडा ही सगळी याच तत्त्वाची मुलं. फरक एवढाच की सोडे कडक वाळवतात आणि गळाची कोळंबी अर्धवट ओली ठेवतात. पूर्ण वाळलेली कोळंबी गळ टोचताना तुटते आणि पाण्यात वास सोडायलाही वेळ लावते.

वासाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. माशाला कोळंबी 'आवडते' म्हणजे नेमकं काय, तर तिच्यातून पाण्यात विरघळणारी अमिनो आम्लं त्याला अगदी सूक्ष्म प्रमाणातही जाणवतात. सॅल्मनचं नाक तर इतकं तयार असतं की तो जन्मनदीचा वास ओळखून परत येतो. आर्थर हॅस्लर या अमेरिकन संशोधकाने हा विचार १९५० च्या दशकात मांडला आणि पुढच्या प्रयोगांनी तो पक्का झाला. यातली गंमत अशी की नदीत शिरलेला सॅल्मन जवळपास खाणंच सोडून देतो. तरीही तो आमिषाला तोंड लावतो, जुन्या सवयीने म्हणा किंवा चिडून म्हणा. म्हणून तिकडचे लोक कोळंबीला गुलाबी, लाल, अगदी जांभळा रंगही देतात, बडीशेपेसारख्या वासाची तेलं घालतात आणि ती पाण्यात गरगर फिरेल अशी बांधतात. आपल्याकडचा शिंगाळा असल्या नखऱ्यात पडत नाही. त्याला भूक लागलेली असते आणि तो तळाशी वास काढत फिरतो. गढूळ पाण्यात तर रंगाला फारसा अर्थच नाही.

आता प्रत्यक्ष कृती. कोळंबी ताजी आणि सालासकट घ्यावी. साल काढली तर मीठ मांसात जास्त शिरतं आणि कोळंबी चामड्यासारखी होते. डोकं काढावं, कारण सगळ्या उपद्रवाचं मूळ तिथेच आहे. धुवायची तर पटकन धुवावी, गोड्या पाण्यात भिजत ठेवू नये. मग कापडावर पसरून ओल टिपून घ्यावी. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत जाड्या मिठाचा थर, त्यावर कोळंबी, पुन्हा मीठ, असं भरत जावं. पत्र्याचा डबा नको, मिठाने तो खातो. मिठाचं प्रमाण कोळंबीच्या वजनाच्या पाव ते निम्मं पुरतं. पाव किलोला चमचा-दोन चमचे साखर घातली तर कोळंबी जरा लवचीक राहते, कारण साखरही पाणी धरून ठेवते.

बरणी फ्रिजमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी तळाशी बरंच पाणी सुटलेलं दिसेल, ते ओतून द्यायचं आणि कमी पडलेलं मीठ घालायचं. आणखी एका दिवसात कोळंबी तयार होते. बोटाने दाबली तर ती दबून परत वर यायला हवी. अमोनियासारखा झणझणीत वास आला तर मात्र ती आधीच शिळी होती असं समजावं. मीठ सडणं थांबवतं, सडलेलं ताजं करत नाही. अशी कोळंबी फ्रिजमध्ये काही आठवडे आणि फ्रीझरमध्ये काही महिने टिकते. भरपूर मिठामुळे ती फ्रीझरमध्येही दगडासारखी गोठत नाही, हवी तेवढी सुटी काढता येते. पहाटे पाचला निघणाऱ्याला याचं मोल कळतं.

गळाला लावताना शेपटीचा पंखा तोडून टाकायचा आणि शेपटीच्या बाजूने गळ आत घालून सालीच्या वाकणाप्रमाणे पुढे न्यायचा, टोक पोटाकडे बाहेर. पंखा ठेवला तर ओढीत कोळंबी गोल फिरते आणि तंगूसला पीळ पडतो. सॅल्मनवाल्यांना हेच फिरणं हवं असतं, आपल्याला नको.

इथपर्यंत सगळं घरगुती आहे. खरी काळजी यापुढे सुरू होते, कारण इंटरनेटवरच्या परदेशी कृती पाहून मिठाच्या जोडीला आणखी दोन पदार्थ घालायचा मोह होतो.

पहिला म्हणजे बोरॅक्स, आपला टाकणखार. सोनार डाग देताना वापरतात तोच. अमेरिकेतल्या आमिषाच्या मिश्रणात तो सर्रास असतो. तो जंतूंना रोखतो आणि मांस घट्ट करतो. पण भारतात टाकणखार खाण्याच्या पदार्थात घालायला परवानगी नाही, आणि कारण साधं आहे: तो पोटात जाणं घातक आहे, लहान मुलांना जास्त. आता कोकणातल्या घराचा विचार करा. फ्रिजमध्ये एका बरणीत सोडे, शेजारच्या बरणीत गळाची कोळंबी. दोन्ही मिठातल्या, दिसायला सारख्याच. घाईत सोड्याची भाजी टाकणाऱ्या माणसाला फरक कळायचा कसा? मीठ आणि साखर एवढंच घातलं असेल तर चुकून पातेल्यात गेलेली कोळंबी खारट लागेल, एवढंच होईल. टाकणखार घातला असेल तर गोष्ट तिथे थांबत नाही. मिठाने काम भागत असताना तो घालण्याची गरज नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

दुसरा पदार्थ सल्फाइट. कोळंबी काळी पडू नये म्हणून सल्फाइट-वर्गातली द्रव्यं व्यापारातही वापरतात, ठरावीक मर्यादेत. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. आमिषाच्या बाबतीत ओरेगॉनमध्ये वेगळाच प्रकार समोर आला. तिथे कोळंबीप्रमाणेच सॅल्मनची अंडीही मुरवून गळाला लावतात. अशी अंडी पिल्लांना खाऊ घालून पाहिल्यावर काही मिश्रणांमुळे सॅल्मनची पिल्लं मरत असल्याचं आढळलं, आणि संशयाची सुई सोडियम सल्फाइटवर गेली. म्हणजे मोठा मासा पकडण्याच्या नादात उद्याचे मासे मरत होते.

तिसरी गोष्ट बरणीत दिसतच नाही. बाजारात मिळणारी बरीच कोळंबी हल्ली तलावातली असते. व्हॅनामेई ही मूळची पॅसिफिक किनाऱ्यावरची जात २००९ पासून भारतात रीतसर वाढवली जाते. तलावातल्या कोळंबीला पांढऱ्या ठिपक्यांचा एक विषाणूजन्य रोग होतो. माणसाला त्याने काही होत नाही, पण कोळंबी आणि खेकड्यांच्या जातीला तो झपाट्याने लागतो. १९९४-९५ च्या सुमारास याच रोगाने भारतातल्या कोळंबी शेतीचं कंबरडं मोडलं होतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या लोगन नदीकाठी २०१६ च्या अखेरीस हा रोग उद्भवला. आयात केलेली, खाण्यासाठीची कच्ची कोळंबी लोकांनी गळाला लावल्यामुळे तो नदीत शिरला असावा, असा दाट संशय व्यक्त झाला. जानेवारी २०१७ मध्ये त्या देशाने कच्च्या कोळंबीची आयात काही काळ थांबवली. खाण्यासाठी विकलेली कोळंबी गळाला लावू नका, असं तिथे आजही बजावून सांगतात.

गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, आणि घरगुती मिठाने तो नक्की मरतो असं धरून चालणं धोक्याचं आहे. दाभोळच्या खाडीवर कोळंबी आणि खेकडे पकडून कितीतरी घरं चालतात. तेव्हा गरवणाऱ्यासाठी उत्तम कोळंबी म्हणजे त्याच खाडीतली. डोलीने किंवा पागाने पकडणाऱ्याकडून थेट घेतली तर ती ताजीही मिळते आणि त्या पाण्यात नवं काही जात नाही. आकार लहान-मोठा असला तरी शिंगाळ्याची तक्रार नसते. तलावातलीच कोळंबी हाती आली तर ती कालवणात घालावी.

काठावरची एक सूचना खास वाशिष्ठीसाठी. या नदीत मगरी आहेत. त्या पाहायला पर्यटक होडीने येतात, हे चिपळूणकरांना ठाऊकच आहे. कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण आहे, आणि नदी तिचीच आहे. आमिषाची बरणी पाण्याशी वाकून धुणं, पकडलेले मासे दोरीत ओवून पाण्यात सोडून ठेवणं, तिन्हीसांजेला गुडघाभर पाण्यात उभं राहणं, हे इथे करू नये. हात धुवायला घरून पाण्याची बाटली न्यावी. उरलेली खारी कोळंबी पुन्हा बरणीत टाकली तरी चालते, फक्त झाकणावर मोठ्या अक्षरात 'गळाची, खायची नाही' असं लिहून ठेवावं.