शिझुओकाचे सुतार आणि रेडिओवर चालणारी मोटार

रेडिओलहरींच्या साहाय्याने दुरून चालविल्या जाणाऱ्या छोट्या मोटारींचा छंद बिनतारी विद्येच्या पोटी जन्मास आला, अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही; कारण निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्क येथे पाण्याच्या हौदात बिनतारी संकेतांनी नाव फिरवून दाखविली होती, आणि इटलीतील रेज्जो एमिलिया येथील एल्जी या कारखान्याने १९६६ साली फेरारी २५० एलएम या शर्यतीच्या मोटारीची रेडिओवर चालणारी प्रतिकृती विक्रीस काढली होती. परंतु नवख्या मनुष्याने खिशाला झेपेल अशा खर्चात आपली मोटार घरच्या टेबलावर स्वतः जुळवावी आणि मगच ती मैदानात न्यावी, हा जो या छंदात प्रवेश करण्याचा राजमार्ग, तो जपानातील शिझुओका या लाकूडकामाबद्दल ख्यातकीर्त असलेल्या शहराने घालून दिला, असे माझे मत आहे.

शोगुनपदाची वस्त्रे पुत्राच्या हवाली केल्यावर तोकुगावा इएयासु याने १६०७ साली आपला मुक्काम सुन्पू येथे, म्हणजे आजच्या शिझुओकात, हलविला. तेथील किल्ल्याच्या आणि पुढे सेन्गेन देवस्थानाच्या बांधकामासाठी दूरदूरच्या मुलखांतून आलेले सुतार, नक्षीकाम करणारे आणि लाखकाम करणारे कारागीर काम सरल्यावरही येथेच स्थायिक झाले, अशी परंपरा सांगितली जाते. या हुन्नराच्या छायेत १९४६ साली योशिओ तामिया यांनी लाकूड कापण्याची गिरणी काढली. १९५१ मध्ये ती आगीत भस्मसात झाली, आणि १९५३ मध्ये इमारती लाकडाचा व्यवसाय कायमचा सोडून त्यांनी लाकडी प्रतिकृतींच्या संचांवर सारी भिस्त ठेवली. पुढे प्लॅस्टिकचे युग आले. त्यांची पहिली प्लॅस्टिकची प्रतिकृती, १९६० सालची ‘यामातो’ युद्धनौका, स्पर्धेत टिकली नाही. परंतु त्यानंतरच्या ‘पँथर’ रणगाड्याने कारखान्याला तारले. या रणगाड्याचे आकारमान कोणत्याही शास्त्रीय प्रमाणाने ठरले नव्हते. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्या हिशेबाने तो बेतला गेला, मागाहून मोजून पाहता ते प्रमाण सुमारे एकास पस्तीस भरले, आणि तेच पुढे जगभर रूढ झाले. प्रतिकृती हुबेहूब असावी आणि शिवाय ती चालावी, हा आग्रह येथे प्रथम स्पष्ट दिसतो.

योशिओ यांचे चिरंजीव शुन्साकु यांनी पोर्शे ९३४ ची एकास बारा प्रमाणातील प्रतिकृती करावयास घेतली, तेव्हा त्यांनी खरीखुरी पोर्शे ९११ खरेदी करून तिचे सांधे न् सांधे सुटे केले. आणि ती पूर्ववत जुळविण्यासाठी अखेरीस पोर्शेच्या तंत्रज्ञांना पाचारण करावे लागले. एवढ्या खटाटोपाने आणि खर्चाने सिद्ध झालेले साचे केवळ शोभेच्या प्रतिकृतीपुरते राबवावेत, हे व्यवहारास धरून नव्हते. तिच्या कवचात बॅटरी, मोटर आणि रेडिओचा ग्राहक बसवून १९७६ साली जी मोटार बाजारात आली, तिला पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक गिऱ्हाइके लाभली. तोवर या क्षेत्रात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर धडधडणाऱ्या इंजिनांचा अंमल होता; धूर, गोंगाट आणि खर्च यांमुळे सामान्य गृहस्थ त्यापासून चार हात लांबच राही. विजेच्या मोटरने ती अडचण दूर केली. १९७९ च्या ‘सँड स्कॉर्चर’ आणि ‘रफ रायडर’ या गाड्यांनी छंदाला गुळगुळीत फरशीवरून माती-वाळूत उतरविले, आणि १९८४ साली ‘ग्रासहॉपर’ ही खास नवशिक्यांसाठी बेतलेली गाडी आली.

या गाडीचा संच उघडला म्हणजे छंदाचे मर्म ध्यानी येते. पुस्तिकेत प्रत्येक स्क्रूचे चित्र मूळ आकाराएवढेच छापलेले असते. हातातला स्क्रू चित्रावर ठेवावा, जुळला तर तोच घ्यावा, अशी ही भाषेवाचून चालणारी शिकवणी. दंतचक्रे एकामागून एक पेटीत बसवून त्यांच्या दात्यांना बेताने ग्रीस लावावे, चाक बोटाने फिरवून ते कोठे अडते का पाहावे, आणि मगच पेटी बंद करावी. जपानी स्क्रूच्या डोक्यावरील फुली आणि आपल्याकडील नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर यांचा मेळ पुरता बसत नाही. जोर लावताच टोक घसरते आणि डोके खराब होते, म्हणून योग्य हत्यार घेणे ही नवख्याची पहिली जरूर. ‘ग्रासहॉपर’च्या पाठोपाठ आलेल्या ‘हॉर्नेट’चे पारदर्शक कवच तर आतल्या बाजूने रंगवावे लागे, काचेमागून रंगविलेल्या चित्रांप्रमाणे: बारीक तपशील आधी आणि पार्श्वभूमीचा रंग शेवटी. हे सारे ज्याने एकवार हाताने केले, त्याला गाडी बिघडली तरी भय वाटत नाही, कारण ती कोठून उघडावयाची हे त्याला ठाऊक असते.

रेडिओची शिस्त निराळी होती. दोन गाड्या एकाच कंपनसंख्येवर चालल्या तर एकाचा हुकूम दुसऱ्याची गाडी पाळी. म्हणून ट्रान्समीटरमध्ये आणि गाडीत क्रिस्टलची जोडी बसवीत, आणि शर्यतीच्या ठिकाणी पाळी येईपर्यंत ट्रान्समीटर संयोजकांच्या स्वाधीन करण्याची चाल होती. २.४ गिगाहर्ट्‌झचे संच आल्यावर ही खबरदारी अनावश्यक झाली.

आज पेटीतून काढून थेट धाववावी अशी तयार गाडी सहज मिळते, आणि पुष्कळांचा श्रीगणेशा तिच्यापासूनच होतो. ते सोयीचे असले तरी पहिली गाडी स्वतः जुळवावी, हाच सल्ला मी नवागतास कळकळीने देईन. त्याची सोयही उपलब्ध आहे: ‘हॉर्नेट’ २००४ मध्ये आणि ‘ग्रासहॉपर’ २००५ मध्ये तामियाने पुनश्च विक्रीस काढली. सांगाडा तोच, दंतचक्रांची पेटी तीच. वेगनियंत्रणापुरता फरक आहे. मूळच्या गाडीत सर्व्होच्या दांडीने सरकणारे धातूचे संपर्क आणि तापून लाल होऊ पाहणारा रोधक असे, त्याचे काम आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो.