तुरीचे घरचे बियाणे: झाड निवडताना नेमके काय पाहावे?

तूर काढणीला आली की बांधालगतच्या एखाद्या झाडाकडे हमखास लक्ष जाते. फांद्या पसरलेल्या, शेंगांनी लगडलेल्या. ‘पुढच्या वर्षी याचेच बी धरायचे’ असे आपण ठरवतो, आणि पुढच्या वर्षी ती झाडे इतरांसारखीच निघतात. नोकरीच्या सुरुवातीला मीही असाच फसलो आहे. बांधावरच्या झाडाला जागा, ऊन आणि ओलावा जास्त मिळालेला असतो. तो गुण जागेचा, बियाण्याचा नव्हे.

तुरीच्या झाडाचे उत्पादन तीन गोष्टींवर ठरते: शेंगांची संख्या, शेंगेतील दाणे आणि दाण्याचे वजन. समजा झाडाला २०० शेंगा, शेंगेत सरासरी ३.५ दाणे आणि १०० दाण्यांचे वजन १० ग्रॅम आहे. तर झाडामागे ७० ग्रॅम तूर मिळते. दाण्याचे वजन, दाण्याचा रंग आणि पक्वतेचा कालावधी हे गुण बऱ्याच अंशी आनुवंशिक आहेत; ते पुढच्या पिढीत उतरतात. उत्पादनाशी सर्वांत जवळचे नाते मात्र शेंगांच्या संख्येचे आहे, आणि नेमका हाच गुण परिस्थितीनुसार सर्वांत जास्त बदलतो. तुरीची बहुतांश फुले गळून जातात. त्यामुळे फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला किंवा ढगाळ हवामान राहिले तर चांगल्या वाणाच्याही शेंगा घटतात.

टपोऱ्या दाण्यालाही भुलू नका. दाणा मोठा असलेल्या झाडांना शेंगा अनेकदा कमी असतात.

तुरीत विविधता मुळातच भरपूर आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅटच्या जनुकपेढीत तुरीचे १३ हजारांहून अधिक नमुने जपले आहेत. मर रोगाला प्रतिकारक असलेला मारुती (आयसीपी-८८६३) हा वाण स्थानिक तुरीतून निवड करूनच मिळाला. तोच वाण वांझ रोगाला मात्र बळी पडतो. एका गुणावर वाण पारखू नये, तो यासाठी.

हरभऱ्याचे घरचे बी वर्षानुवर्षे बऱ्यापैकी शुद्ध राहते, तुरीचे राहत नाही. मधमाश्या एका वाणाचे परागकण दुसऱ्या वाणावर नेतात. आपल्या शेतात मर प्रतिकारक वाण आणि शेजारी रोगाला बळी पडणारा वाण असेल, तर घरच्या बियाण्यातून दोन-तीन वर्षांत काही झाडे उभी वाळू लागतात. शेतकरी म्हणतात, ‘वाण बिघडला.’ वाण तोच असतो, बियाणे मिसळलेले असते. पक्वताही मागेपुढे होते, काढणीच्या वेळी काही शेंगा तडकतात तर काही हिरव्याच राहतात.

बी धरायचे असेल तर दुसऱ्या वाणाची तूर किमान १०० मीटर दूर असावी. प्रमाणित बियाण्यासाठी हेच अंतर ठेवतात. ते जमत नसेल तर कडेच्या ओळी सोडून शेताच्या मध्यभागातील झाडे घ्या. फुले उमलू लागताच फुलाचा रंग किंवा वाढीची ठेवण वेगळी दिसणारी झाडे उपटून टाका. शेंगा लागल्यावर हे काम केले तर परागकण पसरून झालेले असतात.

निवड करताना दोन्ही बाजूंना झाडे असलेले, सारख्याच अंतरावरचे झाडच घ्या. नांगी पडलेल्या जागेशेजारचे झाड कितीही चांगले दिसले तरी सोडा. आसपासची झाडे मरने वाळत असताना टिकलेले आणि शेंगांनी भरलेले झाड दिसले तर त्याला आवर्जून रंगीत चिंधी बांधा. अशा १५-२० झाडांचे बी वेगवेगळे ठेवून पुढच्या खरिपात प्रत्येकाची एकेक ओळ पेरा, मधूनमधून मूळ वाणाचीही ओळ ठेवा. जी ओळ एकसारखी पक्व होते, मरला टिकते आणि मूळ वाणापेक्षा जास्त वजन देते, तिचेच बी वाढवा. एवढा खटाटोप होणार नसेल तर दर तीन वर्षांनी कृषी विद्यापीठाकडून किंवा महाबीजकडून प्रमाणित बियाणे आणून बदल करा.