माणशी हवा किती?

लंडनच्या पार्लमेंटांतील सभासद कोंदट हवेनें हैराण होत, म्हणून १७३६ सालीं देसाग्युलिए या शास्त्रज्ञानें तेथें हवा ओढून काढणारें एक मोठें चाक बसविलें. तें हातानें फिरवावें लागे आणि फिरविणाऱ्या माणसासच ‘व्हेंटिलेटर’ म्हणत!

यंत्र मिळालें, पण तें केवढें असावें? यासाठीं माणशी हवा किती हें आधीं ठरलें पाहिजे. इंग्रज इंजिनीयर ट्रेडगोल्ड यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत श्वास, घाम व दिवा यांचा हिशेब करून मिनिटास ४ घनफूट हवा पुरे ठरविली. शतक सरतांना अमेरिकन लष्करी डॉक्टर बिलिंग्ज यानें क्षयासारख्या सांसर्गिक रोगांच्या धास्तीनें तोच आंकडा निदान ३० असावा, असा आग्रह धरिला. फुप्फुसें तींच होतीं. भीति तेवढी बदलली होती.

म्यूनिकच्या पेटेनकोफेरनें १८५८ सालीं खोलींतील कार्बन डाय-ऑक्साइड हजारीं एक भागाहून वाढूं नये असें सांगितलें. तेवढ्यानें तो वायु विषारी ठरत नाहीं. माणसांनीं हवा किती वापरली याचें तें केवळ माप. पुढें १९०५ मध्यें ब्रेस्लाउ येथें एक मार्मिक प्रयोग झाला. बंद पेटींत गुदमरलेल्या माणसास नळीनें बाहेरची हवा हुंगावयास दिली, तरी त्यास बरें वाटेना. उलट बाहेर उभा राहून पेटींतली हवा हुंगणारा खुशाल! त्रास श्वासाच्या विषाचा नसून अंगाभोंवतीं सांचलेल्या उष्म्याचा व दमटपणाचा होता. १९३६ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत यागलू यानें तर ताज्या हवेंतून आंत येणाऱ्या परीक्षकांच्या नाकावरच निकाल सोंपविला.

हे सारे वाद सभागृहांचे व शाळांचे. घराला पंखा लागत नसे, कारण दारें-खिडक्यांच्या फटी तें काम फुकट करीत. १९७३ सालीं तेल महागलें आणि थंड देशांतील लोकांनीं फटी बुजविल्या. १९७७ सालीं कॅनडांत रेजायना येथें प्रयोगार्थ बांधलेलें घर इतकें बंदिस्त होतें कीं, त्यास श्वास यंत्रानेंच द्यावा लागला. बाहेर जाणारी ऊबदार हवा व आंत येणारी गार हवा एका पेटींतून शेजारशेजारच्या, पण निराळ्या वाटांनीं जात. हवा मिसळत नसे. ऊब मात्र हस्तांतरित होई.

अशा यंत्राच्या मापासाठीं अमेरिकेंतील तापन-शीतन अभियंत्यांच्या संस्थेनें २००३ सालीं केवळ घरांकरितां निराळा नियम केला. २०१३ पासूनच्या त्याच्या रूपांत दर शंभर चौरस फुटांस ३ घनफूट आणि माणशीं साडेसात घनफूट, अशी मिनिटाची बेरीज धरतात. माणसें शयनगृहांच्या संख्येहून एक अधिक मानावयाचीं. तीन शयनगृहांच्या १५०० चौरस फुटी घरास ४५ अधिक ३०, म्हणजे ७५ घनफूट. पहिला आंकडा घराचा, दुसरा माणसांचा. कारण रंग, फळ्या व फर्निचर यांतूनही वाफा निघतच असतात.

येथपर्यंत गणित सोपें. फसगत होते ती पुढेंच. पंख्यावर छापलेला आंकडा नळीच्या तोंडाशीं क्वचितच मिळतो. लांब, अरुंद नळी, दोन-चार वळणें, धुळीनें भरलेली गाळणी, कीं हवा घटलीच. म्हणून जाणता योजक आधीं नळीचा विरोध मोजतो, मग पंखा निवडतो. ताजी हवा शयनगृहांत सोडतो, स्वयंपाकघर व न्हाणीघरांतून जुनी काढतो आणि काम संपल्यावर प्रवाह पुन्हा मोजून पाहतो.

२०२० च्या महासाथीनें बिलिंग्जची जुनी भीति पुन्हा जागी केली. मुंबई-पुण्याच्या घरांत तर उकाड्यासाठीं खिडक्या बंद करून भिंतीवरचें शीतयंत्र चालवितात. त्यांतील बहुतेक यंत्रें खोलींतलीच हवा गार करून परत देतात. बाहेरची हवा आंत घेत नाहींत. रात्रभर तेथें चौघे निजले, तर पेटेनकोफेरची मर्यादा पहांटेच्या पुष्कळ आधींच ओलांडली जाते.