तीन सोंगं

गेल्या महिन्यात माझी भाची सटाण्याला आली ती हातात फाइल घेऊनच. नाशिकला तिचं दुर्बिणीचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. डाव्या बीजकोषातली चॉकलेट सिस्ट काढली होती. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. पुढे काय करायचं, यासाठी डॉक्टरीणबाईंनी तीन पर्याय लिहून दिले होते : रोजची गोळी, गर्भपिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन, नाहीतर काही महिने इंजेक्शनं. विचार करून या, म्हणाल्या.

"मावशी, तू आयुष्यभर इतिहास शिकवलास. आता सांग, यातलं काय घेऊ?"

मी म्हटलं, "अगं, इतिहासाच्या बाईला औषध विचारू नये. पण ही औषधं आली कुठून, एवढं मी वाचून सांगू शकते." तर हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब.

आधी आजार समजून घेऊ. गर्भपिशवीच्या आत जसं अस्तर असतं, तशाच पेशी पिशवीच्या बाहेर, बीजकोषावर, आतड्याजवळ, पोटाच्या पडद्यावर रुजतात. पाळीच्या चक्राबरोबर त्यांनाही सूज येते, रक्त येतं. पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग आतले अवयव एकमेकांना चिकटतात, गाठी होतात, आणि जीव नकोसा करणारी दुखणी सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळीच्या वयातल्या सुमारे दहा टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी स्त्रियांना हा आजार आहे. म्हणजे चाळीस मुलींच्या वर्गातल्या चार जणींना पुढेमागे तो होऊ शकतो. हा हिशेब मांडला आणि माझा हात थांबला. बाकावर डोकं टेकून, पोट धरून बसणाऱ्या कितीतरी मुली मला आठवल्या. "बाईच्या जातीला सोसावंच लागतं," असं मी स्वतः त्यांना सांगितलेलं आहे. असो, त्याकडे पुन्हा येते.

आनंदीबाई जोशींनी १८८३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत सांगितलं होतं, की या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. जे दुखणं पुरुष डॉक्टरला सांगायचीच चोरी, त्याला नाव मिळणार तरी कसं? नाव मिळालं ते परदेशात. अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली या चॉकलेटी गाठींवर सविस्तर लिहिलं आणि १९२७ साली एंडोमेट्रिओसिसच्या कारणाबद्दलचा आपला सिद्धांत मांडला. पाळीचं काही रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, असं त्यांचं म्हणणं. असं उलटं रक्त पुष्कळ जणींच्या पोटात जातं, आजार मात्र सगळ्यांना होत नाही. म्हणून कारणाचा शोध अजून संपलेला नाही.

गंमत पाहा, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेही १९२१ सालीच, आणि 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं ते १९२७ च्या जुलैत. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मूल कधी हवं हे बाईनं ठरवावं, असं कर्वे इथे कानीकपाळी ओरडून सांगत होते; आणि तिकडे या आजारावरचा उपाय काय निघाला? लवकर लग्न, लवकर मूल! बोस्टनचे नामांकित शल्यचिकित्सक जो मीग्ज यांनी हा सल्ला रीतसर मांडला. गरोदरपणात पाळी थांबते, म्हणून दुखणंही थांबेल, हा विचार. आपल्याकडच्या आज्या तरी वेगळं काय सांगत होत्या? "लगीन होऊ दे, एक मूल होऊ दे, सगळं थांबेल."

यानंतर आली ती हार्मोनची औषधं. ती वाचताना मला आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्यातला बोहाडा आठवला. मुखवटे चढवून सोंगं नाचवतात ना, तो. या औषधांनीही बाईच्या शरीराला एकेक सोंग घ्यायला लावलं.

पहिलं सोंग गरोदरपणाचं. १९५१ साली मेक्सिकोत कार्ल जेरासी यांच्या प्रयोगशाळेत लुईस मिरामोंटेस या तरुण विद्यार्थ्याच्या हातून नॉरएथिस्टेरॉन तयार झालं. त्याचा कच्चा माल रानकंदातून येई. पुढे १९५८ च्या सुमारास रॉबर्ट किस्टनर यांनी अशी हार्मोन्स महिनोन्महिने सलग देऊन पाळी बंद ठेवायला सुरुवात केली. उपचाराचं नावच 'खोटं गरोदरपण'. तेव्हाचे डोस जबर. मळमळ, सूज, वजन, सगळं सोसावं लागे. हे नॉरएथिस्टेरॉन म्हणजे आपली ओळखीचीच गोळी बरं का! सत्यनारायण आला, घरचं लग्न आलं, सप्तशृंगी गडावर जायचं ठरलं, की बायका मेडिकलमधून 'पाळी पुढे ढकलायची गोळी' आणतात, तीच.

दुसरं सोंग पुरुषाचं. डॅनेझॉल हे पुरुषी हार्मोनच्या जातकुळीतलं औषध १९७० च्या दशकात आलं. दुखणं कमी होई; पण चेहऱ्यावर लव, मुरमं, आणि काहींचा आवाज जाड होई. तो आवाज औषध थांबवल्यावरही परत येईलच असं नव्हतं. बोहाड्यातलं सोंग उजाडल्यावर उतरतं. हे उतरेलच याची खात्री नव्हती.

तिसरं सोंग म्हातारपणाचं. मेंदूतून बीजकोषांना हुकूम देणाऱ्या हार्मोनची रचना शोधल्याबद्दल शॅली आणि गियमाँ यांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्या हार्मोनसारखी इंजेक्शनं देऊन बीजकोष झोपवता येतात. मग पंचविशीतल्या मुलीलाही पाळी गेलेल्या बाईसारखे गरम झोत येतात, हाडं विरळ होऊ लागतात. म्हणून ती मोजकेच महिने देतात, लांबवायची तर जोडीला थोडं हार्मोन परत देतात.

पुढची औषधं त्यामानाने सौम्य. डायनोजेस्ट पूर्व जर्मनीतल्या येनामध्ये १९७९ साली तयार झालं. त्याची दोन मिलिग्रॅमची गोळी आज या आजारासाठी रोज देतात. तिनेही अधूनमधून रक्त जातं, काहींचं मन उदास होतं. हार्मोन सोडणारं गर्भपिशवीतलं साधन १९९० साली फिनलंडमध्ये वापरात आलं. दिसायला कॉपर-टीसारखं, काम मात्र निराळं.

यातलं कुठलंही औषध आजार मुळातून उपटत नाही. ऑपरेशननंतर काहीच घेतलं नाही, तर पाच वर्षांत चाळीस ते पन्नास टक्के जणींना त्रास परत होतो, असा अंदाज आहे. म्हणून युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की लगेच मूल नको असेल तर ऑपरेशननंतर हार्मोनचा उपचार द्यावा. पण पुढे दिवस राहायला मदत व्हावी एवढ्याच हेतूने तो देऊ नये. म्हणजे सगळं येऊन थांबतं एका प्रश्नावर : मूल कधी हवं? आणि हा प्रश्न डॉक्टरांच्या पुस्तकात सुटणारा नाही.

तो न विचारता काय होतं, हे आपल्याच राज्यात दिसलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजला. २०१९ साली सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड; मग पिशवीच काढा! एंडोमेट्रिओसिसमध्ये तर रोगाचे ठिपके पिशवीच्या बाहेर असतात. नुसती पिशवी काढून ते जातीलच असं नाही.

हे सगळं मी भाचीला दोन संध्याकाळी सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मावशी, सासूबाई म्हणतात आता लगेच मूल होऊ दे, म्हणजे दुखणंही जाईल. मला अजून दीड वर्ष हवंय."

"हे डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं होतं. सासूबाई शेजारी बसल्या होत्या."

पुढच्या वेळी ती एकटी आत गेली. दीड वर्षाचं बोलली, हाडांचं विचारलं, मनाच्या उदासीचं विचारलं. गोळी घ्यायचं ठरलं, कारण ती स्वतःच्या हाताने बंद करता येते. हाच पर्याय सगळ्यांना योग्य असं मुळीच नाही. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या डॉक्टरांशी बोलून.

मला मात्र त्या बाकावरच्या मुलींचं राहून राहून वाटतं. त्यांना मी एकदा तरी विचारायला हवं होतं, "किती दुखतंय गं?" आता त्या चाळिशी-पन्नाशीच्या असतील. बाजारात एखादी भेटते, वाकून नमस्कार करते. अजून विचारायचा धीर होत नाही.