आगोटीची बेगमी आणि गडाची चूल

रायगडाच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात तोफा असतात, दरवाजे असतात, सिंहासन असतं. चूल मात्र क्वचित असते. म्हणून आज आम्ही पायथ्याकडून, आपल्या पाचाडकडून गडाकडे बघणार आहोत.

राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला. तेव्हा ज्येष्ठ महिना चालू होता, म्हणजे ऐन आगोटीचे दिवस. त्यानंतर अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊंनी इथे पाचाडलाच डोळे मिटले. गडावरचा गार वारा त्यांना मानवेना म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी खाली वाडा बांधला, असं सांगतात. त्या वाड्याच्या जोत्यांत आजही विहिरी दिसतात. पाण्याची सोय असल्याशिवाय घर उभं राहत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता. इथल्या माणसांचं जेवण म्हणजे तांदूळ, डाळ आणि लोणी यांची खिचडी, अशी नोंद त्या हकिकतीत आहे. ते तांदूळ कोणी कांडले, डाळ कोणी भरडली, लोणी कोणी घुसळलं, याची नोंद नाही.

बेगमीचं मोल महाराजांना पुरतं ठाऊक होतं. त्याच सुमारास चिपळूणजवळच्या लष्करी छावणीला त्यांनी पत्र धाडलं. दाणागवत आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही रयतेला लुटाल, असा त्याचा भाव. उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताला आग लागेल, हेसुद्धा त्यात बजावलं आहे. राजाच्या पत्रातली ही काळजी घर चालवणाऱ्या कोणत्याही बाईच्या ओळखीची आहे.

आपल्याकडे ही काळजी वर्षभर चालते. माघात कवळ तोडायची, मग शेण-पातेरा पसरून राब भाजायचा. चैत्र-वैशाखात सोलं, आंबोशी, आंब्याची साटं, पापड. वालाला राख चोळून मडक्यात भरायची. सुकट-बोंबील आणून ठेवायचे. गोवऱ्या आणि लाकूडफाटा पडवीत रचायचा, पावसाच्या बाजूला झडपा बांधायच्या. आषाढात वाकून वाकून लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी. शेवटी सारवलेली कणगी भरली की घर निश्चिंत.

या कष्टांत सुखंही दडलेली असतात. कामाला जाता-येता तोडलेली करवंदं, बाहेर पाऊस कोसळत असताना चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, गौरीच्या रात्रीचा फेर. ही सुखं विकत घ्यावी लागत नाहीत, म्हणून ती कुठल्या हिशोबातही येत नाहीत.

पुढे मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. आपल्या भागातले पुरुष तिकडे गेले आणि शेत, गुरं, म्हातारी माणसं, पोरं बायांच्या हाती राहिली. मनीऑर्डर यायची, पण घर चालायचं ते कणगीवरही. १९८२ चा गिरणी संप लांबला, तेव्हा कितीतरी कामगार गावी परतले. गावात घर उभं होतं, कारण ते कोणीतरी राखलं होतं.

गडावर एका गवळणीचं नाव बुरुजाला आहे. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी हिरकणी कडा उतरली, असं सांगतात. गडाला रोज दूध पुरवणाऱ्या बाकीच्या बायांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत.

आपल्या आज्यांचंही तसंच होऊ द्यायचं का? घाटावर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या बाया बहुतेक निरक्षर होत्या, तरी त्यांचे शब्द राहिले. आता जाती बंद पडली, कणग्या मोडल्या, रेशनचा तांदूळ आला. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं. पण कोणतं भात कोणत्या खाचरात घालायचं, बियाणं किडीपासून कसं राखायचं, हे ज्यांना ठाऊक आहे त्या आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

तेव्हा बायांनो, या आगोटीआधी प्रत्येक गटाने एक वही करावी. आजीजवळ बसावं, विचारावं, आणि उत्तरासमोर तिचं पूर्ण नाव लिहावं. बैठकीला ती वही घेऊन या, आम्ही ती रेडिओवर वाचून दाखवू.