तिरुवैयारुचा कौल

रंगभूमी जितकी जुनी, तितकाच ‘श्रेष्ठ नट कोण?’ हा वादही जुना आहे. या वादात उतरणाऱ्या रसिकांना तो कधी मिटावा असे मनापासून वाटत नसते. आपल्याकडे बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचे असेच दोन तट पडले होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर एकाच रात्री लोकांनी पाहिला, टिळक स्वराज्य फंडात भर पडली. वाद मात्र होता तेथेच राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव निवर्तले, आणि तरीही दोन्ही पक्षांचे म्हातारे पुढे कितीतरी वर्षे भांडत होते. इंग्रजी बोलपटांत जेम्स बाँड नावाच्या गुप्तहेराची मालिका १९६२ पासून चालू झाली. शॉन कॉनरीपासून डॅनियल क्रेगपर्यंत सहा नटांनी ती भूमिका केली, आणि त्या सहांत खरा बाँड कोणता, यावर जगभर अजून खल चालतो. असे वाद निरुपद्रवी असतात. त्यांचा निकाल लावायला कोणी मतपेटी आणून ठेवीत नाही.

तामिळनाडूत मात्र एकदा तसे घडले. कावेरीच्या काठी, तंजावरपासून तीनएक कोसांवर असलेल्या तिरुवैयारु या गावी १९८९ च्या जानेवारीत मतपेटी ठेवली गेली, आणि तामिळ जगाने ज्याला नटांचा मुकुटमणी मानले, तो शिवाजी गणेशन तेथे पडला. ही हकिगत तामिळ लोकांच्या राजकारणाची खरी. पण तिच्यात ‘शिवाजी’ हे नाव आहे, तंजावर आहे, आणि रसिकतेविषयीचा एक प्रश्नही आहे. म्हणून मराठी वाचकाने ती मुळापासून पाहण्यासारखी आहे.

या कथेचा आरंभ एका मराठी विषयावरील तामिळ नाटकाने होतो. द्राविड चळवळीचे नेते सी. एन. अण्णादुरै यांनी १९४० नंतरच्या काळात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावर एक नाटक लिहिले. पराक्रमाने राज्य मिळवणाऱ्या पुरुषालाही सिंहासनावर बसण्यासाठी धर्मशास्त्राच्या दारात उभे राहावे लागले, हा त्या नाटकाचा गाभा. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवाजी राजांचा पोवाडा रचला, तेव्हापासून आपल्याकडेही ज्या दृष्टीने शिवचरित्र वाचले गेले, तिच्याशी अण्णादुरैंच्या दृष्टीचे नाते उघड आहे. अण्णादुरै स्वतः गागाभट्टाच्या भूमिकेत उभे राहिले. शिवाजीची भूमिका आधी एम. जी. रामचंद्रन करणार होते. ते बाजूला झाले. का झाले, याच्या अनेक कथा सांगतात. दोन्ही पक्षांच्या चाहत्यांनी त्या आपापल्या सोयीने जतन केल्या आहेत. भूमिका आली ती व्ही. सी. गणेशन नावाच्या तरुणाकडे. नाटक कंपन्यांत स्त्रीभूमिका करीत वाढलेला तो मुलगा शिवाजी होऊन उभा राहिला, आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या ई. व्ही. रामस्वामी यांनी त्याला ‘शिवाजी गणेशन’ म्हटले. देवधर्म न मानणाऱ्या एका कठोर सुधारकाने तामिळ मुलाला मराठी राजाचे नाव दिले. ते पुढे त्याच्या आईबापांनी दिलेल्या नावापेक्षाही खरे ठरले.

रामचंद्रन यांचा जन्म १९१७ चा, श्रीलंकेत कँडीजवळचा. गणेशन १९२८ चा. वयात अकरा वर्षांचे अंतर. परंतु शाळा दोघांची एकच, ती म्हणजे बालनटांची नाटक मंडळी. रामचंद्रन १९३६ मध्ये चित्रपटांत आले आणि १९४७ च्या ‘राजकुमारी’त नायक झाले. गणेशन १९५२ च्या ‘पराशक्ति’त पहिल्याच पदार्पणात नायक म्हणून आले, आणि न्यायालयातील त्यांच्या भाषणाने तामिळ प्रेक्षक हलून गेला. ते संवाद एम. करुणानिधींचे होते. रामचंद्रन यांच्या ‘मंत्रिकुमारी’चे (१९५०) लेखनही करुणानिधींचेच. एकाच लेखणीने दोघांच्या तोंडी शब्द घातले होते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून लक्षात ठेवावी. दोघे नायक एकत्र आले ते एकदाच, १९५४ च्या ‘कूंडुक्किळि’त. तो चित्रपट चालला नाही. आपल्याकडील संयुक्त प्रयोग निदान गाजला. तामिळ रसिकांना आपले दोन नट एका पडद्यावर बघवले नाहीत असे दिसते.

यापुढची पंचवीस वर्षे तामिळ मुलुखात गावोगावी ‘रसिकर मन्रम्’ म्हणजे चाहत्यांची मंडळे निघाली, आणि प्रत्येक गावात ती दोन निघाली. नव्या चित्रपटाच्या पहिल्या दिवशी तोरणे बांधणे, नटाच्या उंच चित्राला हार घालणे, वाढदिवशी गरिबांना जेवू घालणे, ही या मंडळांची कामे; आणि प्रतिपक्षाशी वाद घालणे हे नित्यकर्म. शिवाजीपक्षाचे म्हणणे असे की, नट तो, जो भूमिकेत नाहीसा होतो. ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’ (१९५९) मधला गर्जणारा पाळेगार, ‘कप्पलोट्टिय तमिळन्’ (१९६१) मधला तुरुंगात खंगणारा देशभक्त चिदंबरम् पिळ्ळै, ‘नवरात्रि’ (१९६४) मधली नऊ निरनिराळी माणसे, हे सारे एकाच देहातून कसे निघाले? ‘कट्टबोम्मन’साठी १९६० साली कैरोच्या आफ्रो-आशियाई महोत्सवात त्याला श्रेष्ठ नटाचा मान मिळाला, तो काय उगाच? आणि तुमचा नायक मात्र कोळी होवो, शेतकरी होवो की राजपुत्र होवो, दर वेळी रामचंद्रनच असतो.

रामचंद्रनपक्ष हा आरोप नाकारीत नसे. तो मिरवीत असे. आम्हाला तोच हवा आहे, असे त्यांचे उत्तर होते. पडद्यावर जो दारू पीत नाही, धूम्रपान करीत नाही, आईचा शब्द मोडत नाही, सावकाराचा हात पिरगाळतो आणि शेवटी हमखास जिंकतो, तो माणूस बदलावा असे कोणाला वाटेल? तुमचा नट ऊर फुटेतो रडतो आणि शेवटच्या रिळात मरतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाने चार आणे मोजून मरण कशाला पाहावे? ‘रिक्षाकारन्’ (१९७१) या चित्रपटासाठी रामचंद्रन यांना राष्ट्रीय पुरस्काराने भारतातील श्रेष्ठ नट ठरवले, तेव्हा या पक्षाला बळकट पुरावा सापडला. शिवाजीला तो पुरस्कार कधीच मिळाला नाही, आणि त्याच्या चाहत्यांच्या मनातील ते शल्य अजून गेलेले नाही.

दोन्ही पक्षांनी आपल्या नायकांना दिलेल्या पदव्या पाहिल्या, तर या वादाचे मर्म त्यांतच सापडते. शिवाजी हा ‘नडिगर तिलकम्’, म्हणजे नटांचा तिलक. रामचंद्रन हा ‘मक्कळ् तिलकम्’, म्हणजे लोकांचा तिलक. एकाचे श्रेष्ठत्व त्याच्या कलेवरून मोजले जाई, दुसऱ्याचे लोकांशी असलेल्या नात्यावरून. दोन मापे निराळी होती; पण भांडणाऱ्यांना वाटे, आपण एकाच तराजूत दोघांना तोलीत आहोत.

राजकारणात दोघांच्या वाटा अशाच फुटल्या. रामचंद्रन १९५३ मध्ये अण्णादुरैंच्या द्रमुक पक्षात आले. शिवाजी त्या वर्तुळात आधीपासून होता. परंतु तो तिरुपतीला देवदर्शनास जाऊन आल्यावर नास्तिक सहकाऱ्यांत काहूर उठले, आणि तो बाहेर पडला. पुढे त्याने कामराजांची काँग्रेस जवळ केली. द्रमुकने १९६७ मध्ये काँग्रेसचा पराभव केला, त्यामुळे शिवाजी हरणाऱ्या पक्षाचा नट झाला. रामचंद्रन यांनी १९७२ मध्ये करुणानिधींशी बिनसल्यावर नवा पक्ष काढला, आणि १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. त्यांची चाहत्यांची मंडळेच पक्षाच्या शाखा बनली. २४ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते मुख्यमंत्रीच होते.

आणि येथे कथेला जे वळण लागले ते नाटककारालाही सुचले नसते. रामचंद्रन यांच्या मागे त्यांच्या पक्षाची दोन शकले झाली; एक पत्नी जानकी यांच्या मागे, दुसरे जयललितांच्या मागे. जानकींचे मंत्रिमंडळ महिनाभरही टिकले नाही. काँग्रेसने त्यांना पाठिंबा दिला नाही, या मतभेदातून शिवाजीने काँग्रेस सोडली, १९८८ मध्ये ‘तमिळग मुन्नेट्र मुन्नणि’ हा पक्ष स्थापन केला, आणि १९८९ च्या निवडणुकीत तो जानकींच्या बाजूने उतरला. चार दशके ज्याच्याशी आपली तुलना झाली, त्याच्याच विधवेच्या शेजारी तो उभा होता. गावोगावी एकमेकांशी भांडलेल्या चाहत्यांनी आता एकत्र मत द्यावे, अशी ही मागणी होती.

मतदारसंघ निवडला तिरुवैयारु. शिवाजीचे घराणे तंजावरजवळच्या सूरक्कोट्टैचे, तेव्हा हा आपलाच मुलूख. शिवाय ‘तिल्लाना मोहनांबाळ्’ (१९६८) मध्ये त्याने कावेरीकाठच्या नादस्वरवादकाला अमर केले होते, आणि ‘राजराज चोळन्’ (१९७३) मध्ये तंजावरचे मोठे देऊळ बांधणारा राजा तो झाला होता. गावही कलेचे. संत त्यागराजांची समाधी येथे आहे, आणि दर वर्षी पुष्य बहुल पंचमीला देशभरचे गायक कावेरीकाठी बसून त्यांच्या कृती एका सुरात गातात. पण या गावाला रसिकांचे तटही नवे नव्हते. त्याच आराधनेसाठी गवयांचे ‘पेरिय कच्चि’ आणि ‘चिन्न कच्चि’, म्हणजे मोठा पक्ष आणि धाकटा पक्ष, असे दोन तट वर्षानुवर्षे निरनिराळे उत्सव करीत. स्त्रियांना तेथे गाऊ देत नसत, म्हणून समाधीमंदिर बांधणाऱ्या बंगळूर नागरत्नम्मांनी तिसरा पक्ष उभारला. १९४० च्या सुमारास ते सारे एकत्र आले. तेथे निकाल कोणी लावला नाही. सगळे एकत्र गाऊ लागले एवढेच.

मतपेटीला असे करता येत नाही. तिला एकच नाव निवडावे लागते. द्रमुकचे दुरै चंद्रशेखरन् दहा हजारांवर मतांनी निवडून आले. शिवाजीच्या पक्षाला राज्यात एकही जागा मिळाली नाही. जानकीही आंडिपट्टीत हरल्या. मुख्यमंत्री झाले करुणानिधी. ‘पराशक्ति’चे संवाद ज्यांनी लिहिले, तेच.

या पराभवाचा अर्थ काय लावावा? राजकारणाचे अभ्यासक मतांची फाटाफूट, नव्या पक्षाची दुर्बळ बांधणी, द्रमुकची लाट ही कारणे देतील, आणि ती खरीच आहेत. रामचंद्रन यांना मानणारा मतदार आपल्या नायकाच्या प्रतिस्पर्ध्याला मत देण्यास तयार झाला नसावा, हेही संभवते. पण याच्याही खाली आणखी एक कारण आहे असे वाटते. जो नट प्रत्येक भूमिकेत निराळा होतो, त्याच्याविषयी मतदाराला प्रश्न पडतो: यांतला खरा कोण? रामचंद्रनविषयी तो पडला नाही, कारण ते सदैव एकच भूमिका करीत आले होते, आणि लोकांनी ती भूमिका नसून माणूसच आहे असे धरले होते. ज्या गुणामुळे शिवाजी नट म्हणून थोर ठरला, तोच गुण मतपेटीपुढे आड आला. तिरुवैयारुच्या मतदारांनी तो वाईट नट आहे असे म्हटले नाही. मत देऊन संध्याकाळी त्याचाच चित्रपट पाहायला गेलेली माणसे त्यांत असतीलच.

मराठी वाचकाला मात्र या गावी आणखी एक आठवण होते. १६७७ मध्ये दक्षिणदिग्विजयाच्या वेळी शिवाजी महाराज कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडीस येऊन थांबले होते. सावत्र भाऊ व्यंकोजी भेटीस आले आणि वाटाघाटी फिसकटताच रातोरात नदी ओलांडून तंजावरास परतले. महाराज तंजावरावर चालून गेले नाहीत. पुढे भोसल्यांनी तेथे पावणेदोनशे वर्षे राज्य केले. सरफोजींनी १८०३ मध्ये आपल्या वंशाचा इतिहास मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरवला. आणि त्या गादीवरचा शेवटचा राजा, त्याचेही नाव शिवाजीच, १८५५ मध्ये पुत्रहीन वारला तेव्हा राज्य संपले. तंजावरच्या मराठी घरांत ‘शिवाजी’ या नावाला अशी एक गेलेल्या वैभवाची छाया आहे. एका तामिळ नटाने ते नाव पुन्हा त्या मुलुखाच्या तोंडी आणले, तेही राज्य न मागता.

मागितले ते शेवटी, एकदाच, आणि ते मिळाले नाही. नाव मात्र कोणी काढून घेतले नाही. ते इतके पक्के झाले होते की, बंगळुरात जन्मलेला शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठी तरुण १९७५ साली तामिळ चित्रपटांत आला, तेव्हा तंजावर मुलुखातलेच दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याचे नाव बदलून रजनीकांत ठेवले. शिवाजी एक होताच. जन्माने शिवाजी असलेल्याने नाव सोडले, कारण भूमिकेने शिवाजी झालेल्याचा त्यावरचा हक्क वडील ठरला होता. याच रजनीकांतने २०१७ मध्ये राजकारणात उतरण्याची घोषणा केली आणि २०२० च्या अखेरीस माघार घेतली. प्रकृतीचे कारण त्याने सांगितले. तिरुवैयारुची आठवण त्याच्या चाहत्यांना झाली नसेल असे मात्र नाही.

शिवाजी गणेशन २१ जुलै २००१ रोजी गेला. त्याआधी फ्रान्सने त्याला ‘शव्हालिए’ केले होते आणि भारत सरकारने दादासाहेब फाळके पुरस्कार दिला होता. श्रेष्ठ कोण, हा वाद तामिळ घरांतून अजून चालतो आणि चालावाही. आपल्या आवडीसाठी भांडता येणे ही रसिकाची श्रीमंती आहे. फक्त तो वाद कोणत्या दरबारात न्यावा, याचा विवेक हवा. तिरुवैयारुत आराधनेचा तंटा ज्या दिवशी गाण्याकडे सोपवला, त्या दिवशी तो मिटला. नटाचा तंटा मतपेटीकडे सोपवला, तेव्हा एक थोर नट हरला आणि वाद जसाच्या तसा राहिला.