चौपाटी : वाळू कोणाची?

मुंबईच्या किनाऱ्यांविषयी जे ललित लेखन झाले आहे, त्यात भेळ, सूर्यास्त आणि प्रेमी युगुले यांनीच बरीचशी जागा अडवली आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. भेळ हाही इतिहासाचाच भाग होय. परंतु ज्या वाळूवर बसून ती खाल्ली जाते ती वाळू नेमकी कोणाची, हा प्रश्न दीडशे वर्षे या शहराच्या मागे लागलेला आहे, आणि आम्हाला तो सूर्यास्तापेक्षा अधिक वेधक वाटतो.

प्रथम शब्द पाहू. जुने गॅझेटियर 'चौपाटी'ची फोड 'चौ-पाटी' म्हणजे चार ओहळ अशी करते आणि तुलनेला पालघरजवळच्या सातपाटीचा दाखला देते. वरळीची खाडी बांध घालून बुजवण्यापूर्वी समुद्राचे पाणी या सखल भागात शिरत असे, त्याची ही खूण. पुढे गिरगावचे हे विशेषनाम सामान्यनाम झाले. दादरला चौपाटी आली, जुहूला आली, आणि समुद्राचा थेंब नसलेल्या पुण्यातही सारसबागेशेजारी आली. असो.

या वाळूवर पहिली मोठी झडप घातली ती कापसाने. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैशांचा पूर आला. तो जिरवायला ज्या कंपन्या निघाल्या त्यांतली सर्वांत गाजलेली बॅक बे कंपनी. समुद्र हटवून जमीन करायची आणि ती विकायची, एवढाच तिचा उद्योग. पण जमीन दिसण्याआधीच तिच्या समभागांचे भाव गगनाला भिडले. युद्ध संपले आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या भरण्याच्या दिवशी, सारा डोलारा कोसळला. भराव घालून जी चिंचोळी पट्टी मिळाली होती तिच्यावरून पुढे कुलाब्यापर्यंत रेल्वे गेली. १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत तोच बेत सरकारी खर्चाने पुन्हा मांडला गेला. त्यातील उधळपट्टी खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणली, आणि त्याबद्दल त्यांना अब्रुनुकसानीच्या खटल्याला तोंड द्यावे लागले. पुढे त्याच उपसागरात भर घालून जी जमीन निर्माण झाली तिच्या टोकाला नाव मिळाले नरिमन पॉइंट! शहरे आपल्या टीकाकारांचा सन्मान कधीकधी असाही करतात.

मात्र जी वाळू भरावातून वाचली, तिचा उपयोग लोकांनी भलत्याच कामासाठी केला. १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले. गिरगाव चौपाटी ही काही स्मशानभूमी नव्हे. परंतु भर पावसात लोटलेला जनसमुदाय कोणत्याही स्मशानाच्या भिंतींत मावणारा नव्हता. विशेष परवानगी मिळाली आणि अग्निसंस्कार वाळूवर झाला. पुढे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईत आले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या किनाऱ्यावर बौद्ध पद्धतीने अंत्यविधी झाला. तेथे चैत्यभूमी उभी आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे तेथे येतात; त्यांतली कित्येक खेड्यापाड्यांतून, समुद्र पाहण्यासाठी नव्हे तर नतमस्तक होण्यासाठी. मुंबईच्या किनाऱ्याचा सर्वांत मोठा प्रवासी कोण, असे आम्हाला कुणी विचारले तर आम्ही या माणसांकडे बोट दाखवू. पर्यटनाच्या पुस्तिका त्यांना प्रवासी म्हणत नाहीत, हा भाग वेगळा.

चौपाटी हे सभास्थान झाले तेही जागेच्या याच मोकळेपणामुळे. १९३० च्या सत्याग्रहात मिठासाठी समुद्राचे पाणी न्यायला स्त्रिया घागरी घेऊन येथेच आल्या. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने खवळलेल्या श्रोत्यांनी येथेच उधळली, आणि दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या. पुढे उच्च न्यायालयाच्या निर्बंधांमुळे या वाळूवरच्या सभा बंद झाल्या. किनारा स्वच्छ राहावा हा हेतू योग्यच. पण २०१६ साली 'मेक इन इंडिया' सप्ताहातील सरकारी मनोरंजनासाठी, उच्च न्यायालयाने नकार दिल्यावरही, सर्वोच्च न्यायालयाकडून परवानगी मिळाली. १४ फेब्रुवारीच्या रात्री तो भव्य रंगमंच सर्वांच्या डोळ्यांदेखत जळाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. ज्या जागी सभेला मज्जाव आहे तेथे सोहळा मात्र चालतो, ही तफावत आम्हाला आगीपेक्षा जास्त काळजीची वाटते.

आणि कोळी? वाळूवर पहिला हक्क कोणाचा, असे विचारल्यास उत्तर त्यांच्यापाशी येऊन थांबते. किनारा मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. मलबार हिलखालून त्याचे बोगदे खणणाऱ्या यंत्राला 'मावळा' असे नाव दिले होते. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांना मात्र नावात रस नव्हता. त्यांचे म्हणणे होते की वरळीच्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटरच अंतर ठेवले, तर भरतीच्या प्रवाहात होड्या आदळतील. त्यांनी समुद्रात उतरून काम अडवले, महिनोन्‌महिने वाटाघाटी चालल्या, आणि अखेर महापालिकेने अंतर १२० मीटर करण्याचे मान्य केले.